पहिल्याने: रोजच्या जगण्यात देवाला अग्रस्थान कसे द्यावे

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली, ही हकीकत मराठी ख्रिस्ती घरांत बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. टिळक वाचू लागले, डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथून त्यांना पुढे सरकवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या तीन अध्यायांनी त्यांना असे धरून ठेवले, ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील ५ ते ७ हे अध्याय आजही सावकाश वाचले तर अर्ध्या तासात संपतात. त्यांत येशूने क्रम लावून दिल्याची तीन ठिकाणे आहेत. पहिल्याने देवाचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा, हे त्यांतले सर्वांना माहीत असलेले वचन (मत्तय ६:३३). अर्पण वेदीजवळ ठेवून पहिल्याने भावाशी समेट करा, हे दुसरे (५:२४). आणि पहिल्याने स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढा, मग दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाकडे वळा, हे तिसरे (७:५).

आपण पहिले वचन दिनदर्शिकेवर छापतो, चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतो आणि उरलेली दोन सोयीस्करपणे विसरतो. देवाला प्रथम स्थान देणे म्हणजे प्रार्थनेचा वेळ वाढवणे, एवढाच अर्थ मग शिल्लक राहतो. माझ्या समजुतीप्रमाणे ही तिन्ही ‘पहिल्याने’ एकत्र धरली तरच हा विषय आचरणात आणता येतो, आणि पुढील सूचना त्याच समजुतीवर बेतलेल्या आहेत.

‘पहिला’ म्हणजे ‘जास्त’ नव्हे

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. देवाला दिवसाचे बारा तास द्यावे लागतील, या भीतीने पुष्कळजण पाच मिनिटेही देत नाहीत. पवित्र शास्त्रात प्रथमस्थानाचा प्रश्न बहुधा मापाचा नसून क्रमाचा आहे, आणि ते सर्वांत स्पष्ट दिसते ते १ राजे १७ मधल्या सारफथ गावच्या विधवेच्या गोष्टीत. देशात दुष्काळ आहे, मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडे तेल आहे, आणि ती वेशीपाशी काटक्या वेचते आहे. तेवढ्याची भाकर करून आपण व आपला मुलगा खाऊ आणि मग मरू, असे ती सरळ सांगते. देवाचा संदेष्टा एलीया तिच्याकडे सगळे पीठ मागत नाही. त्यातलीच एक लहानशी भाकर पहिल्याने माझ्यासाठी करून आण, मग तुमच्यासाठी कर, एवढेच तो म्हणतो.

ज्या घरात भाकरी थापल्या जातात तेथे या मागणीची अडचण समजावून सांगावी लागत नाही. परातीत पीठ किती उरले आहे हे दिसत असताना पहिली भाकर दुसऱ्याच्या ताटात टाकायची आणि उरलेल्या गोळ्यात दोघांचे भागेल की नाही हे अद्याप ठाऊक नसायचे, हीच ती कसोटी. सर्वांचे जेवून झाल्यावर शिल्लक भाकर द्यायला विश्वास लागत नाही. चांगला स्वभाव पुरतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: त्या विधवेचे मडके पिठाने शिगोशीग भरले, असे शास्त्र सांगत नाही. पाऊस पडेपर्यंत ते सरले नाही, इतकेच सांगते. रोज हात घालायचा, तळाशी तेवढेच लागायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात घालायचा. विश्वासाचे जगणे बहुतांशी असेच असते, आणि समृद्धीची खात्री देणाऱ्या उपदेशकांनी या मडक्याकडे एकदा नीट पाहावे.

सकाळची पहिली वीस मिनिटे

मार्क १:३५ मध्ये येशू मोठ्या पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याचे लिहिले आहे. त्याच्या आदल्या दिवशी कफर्णहूमात सूर्य मावळल्यानंतरही दाराशी आजाऱ्यांची गर्दी होती, म्हणजे तो थकलेला असणारच. दुसऱ्या दिवशी शिष्य शोधत आले आणि सगळे आपल्याला शोधत आहेत असे म्हणाले, तेव्हा तो त्या गर्दीकडे परत गेला नाही. आपण आसपासच्या गावांत जाऊ, असे त्याने सांगितले. सकाळच्या प्रार्थनेचा उपयोग येथे दिसतो. कोणत्या हाकेला ओ द्यायची हे लोकांच्या हाका कानावर पडण्याआधी ठरलेले असावे.

आजच्या हाका उशाशी ठेवलेल्या मोबाइलमध्ये असतात. म्हणून पहिली सूचना अगदी ऐहिक आहे: मोबाइल रात्री झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा आणि उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ आणावे. पवित्र शास्त्र मोबाइलवर वाचण्यात गैर काही नाही, परंतु मी दोन वर्षे तो प्रयोग केला आणि वचन उघडण्याआधी किमान तीन संदेश वाचून होत असत, ज्यांतला एक तरी डोके तापवणारा असे. पाळकसाहेबांचा शुभसकाळचा संदेशसुद्धा माझ्या प्रार्थनेत असा अडथळा ठरला आहे.

जागा एकच ठरवावी. दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली मिळत नाही. खिडकीजवळची एक खुर्ची किंवा ओट्याशेजारचे स्टूल पुरते. वाचनाला सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करावी, कारण त्याचे १६ अध्याय रोज एक या हिशेबाने सोळा दिवसांत संपतात आणि काही पूर्ण केल्याचे बळ मिळते. त्यानंतर मत्तय ५ ते ७ हे अध्याय रोज थोडे थोडे करून महिनाभर पुन्हापुन्हा वाचावेत. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, त्यामुळे तारखेप्रमाणे अध्याय काढता येतो. संपूर्ण शास्त्र वर्षात वाचण्याचा संकल्प १ जानेवारीला पुष्कळजण करतात आणि लेवीय पुस्तकात थांबतात. नवशिक्याने तो करूच नये, असे माझे मत आहे.

प्रार्थनेसाठी येशूने स्वतः आखून दिलेला क्रम वापरावा. प्रभूच्या प्रार्थनेत आधी देवाचे नाव, मग त्याचे राज्य, मग त्याची इच्छा, आणि चौथ्या जागी ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ हे मागणे येते. आपली सवय नेमकी उलट असते. डोळे मिटताच भाकरीपासून आरंभ होतो, आणि कर्जाचा हप्ता, मुलाची बारावी, गुडघेदुखी असे करीत ‘आमेन’ येते. यातले काहीही मागण्यास मनाई नाही. फक्त पहिली तीन वाक्ये सावकाश, प्रत्येकावर थांबून म्हणावीत: आज माझ्या कोणत्या वागण्याने देवाच्या नावाला कमीपणा येईल? माझ्या कचेरीत, माझ्या शेतात त्याचे राज्य आले तर काय बदलेल? कोणती गोष्ट माझ्या इच्छेविरुद्ध गेली तरी मी ती स्वीकारीन? या तीन प्रश्नांनंतर भाकरीची यादी आपोआप लहान होते, असा अनुभव आहे. गाता येत असेल तर टिळकांचा एखादा अभंग गावा. ओवी-अभंगाच्या चालीवर शब्द जिभेवर राहतात आणि दुपारी बसच्या रांगेत पुन्हा आठवतात.

रात्रपाळी करणाऱ्याची सकाळ तो उठेल तेव्हा असते. तान्ह्या मुलाच्या आईला वीस मिनिटे सलग मिळणार नाहीत. तिने एक स्तोत्र पाळण्याजवळ मोठ्याने वाचावे, तेवढे पुष्कळ आहे. वसईहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याने उभ्याउभ्या केलेली प्रार्थनाही प्रार्थनाच असते, मात्र ती गाडीत शिरताच करावी, दादर आल्यावर नव्हे.

पगाराचा पहिला लिफाफा

नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात पूर्ण मनाने परमेश्वरावर भाव ठेव, हे वचन ज्याला पाठ असते, त्याला चारच वचनांपुढे आलेली प्रथमउत्पन्नाची, म्हणजे उत्पन्नाचा पहिला भाग देवाला देण्याची आज्ञा सहसा पाठ नसते. दशमांश नियम म्हणून आजही बंधनकारक आहे की नाही यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत आणि ते येथे सुटणार नाहीत. पौलाने कुरकुरत किंवा भाग पडते म्हणून देऊ नका असे लिहिले आहे (२ करिंथ ९:७), तेव्हा ज्याला दहावा भाग जड वाटतो त्याने पन्नासाव्यापासून आरंभ करावा. अट एकच: तो पगार झाल्याच्या दिवशी, पहिला खर्च होण्याआधी वेगळा निघावा.

आमच्या घरी हा लिफाफा तांदळाच्या डब्यामागे असे. आई पगाराच्या दिवशी नोटा मोजून आधी त्यात टाकायची आणि मगच किराण्याची यादी काढायची. माझा संसार सुरू झाल्यावर मीही तेच करू लागलो, आणि एका महिन्यात गॅस संपला म्हणून त्यातून पैसे उचलले, पुढच्या आठवड्यात परत ठेवायचे असे मनाशी ठरवून. ते परत गेले नाहीत. पुढच्या महिन्यात लिफाफ्यात हात घालणे सोपे झाले, तिसऱ्या महिन्यात त्याला ‘अडीनडीचा पैसा’ असे नावही पडले. देवाने मला त्याबद्दल काही शिक्षा केली असे मी म्हणणार नाही. घडले ते एवढेच की माझ्या घरातला पहिला भाग शेवटचा झाला आणि तो झाल्याचे मला चार महिने कळले नाही. तेव्हापासून मी ती रक्कम त्याच रविवारी मंडळीत देऊन टाकतो. घरी साठवत नाही.

ज्यांच्या हाती रोकड नसते त्यांच्यासाठी जुन्या पद्धती आहेत. गावाकडच्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला बाजरीची पहिली कणसे, कोंबडी, भोपळा, अंडी असे जे असेल ते उपासनेत आणतात आणि नंतर त्याचा लिलाव होतो. एका भोपळ्यासाठी दोन शेजाऱ्यांत लागलेली चुरस हा त्या दिवसाचा मोठा आनंद असतो. मिझोरममधील ख्रिस्ती बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढतात आणि तो तांदूळ मंडळीच्या कामासाठी देतात. मूठ काढायची ती तांदूळ चुलीवर चढण्याआधी, हे विशेष. शिजून उरलेला भात कोणी नेत नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. देवाच्या नावाने घरच्यांना उपाशी ठेवणे म्हणजे देवाला प्रथम स्थान देणे नव्हे. आईबापांना देणे असलेली गोष्ट ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेली, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने फार कठोर शब्दांत सुनावले आहे (मार्क ७:९-१३). लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना उदार नवऱ्याच्या घरात डबे कोणाला मोजावे लागतात हे सांगायला नको. देण्याचा आकडा नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवावा, आणि एकाची तयारी नसेल तर लहान आकड्यावर थांबावे.

आधी समेट, आधी मुसळ

उरलेल्या दोन ‘पहिल्याने’कडे आता यावे, कारण आपल्या समाजात खरी अडचण येथेच आहे. पहाटे उठून प्रार्थना करणारी, दशमांश देणारी माणसे सख्ख्या भावाशी बांधावरून वर्षानुवर्षे बोलत नाहीत. मंडळीच्या जागेवरून, विश्वस्तपदावरून चालणारे कज्जे आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि दोन्ही बाजूंचे वादी एकाच मेजावरच्या प्रभुभोजनाला येतात हेही पाहिले आहे. मत्तय ५:२४ प्रमाणे क्रम स्पष्ट आहे: अर्पण तेथेच ठेवावे, जाऊन समेट करावा, मग येऊन अर्पण करावे. उपासनेचा वेळ साडेनऊचा असला तरी.

हे आचरणात आणण्यासाठी प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी दहा मिनिटे राखून ठेवावीत. ज्या माणसाचे नाव आठवताच आवाज चढतो त्याचे नाव कागदावर लिहावे. त्याच्या चुका लिहू नयेत, त्या आपल्याला पाठ असतात; त्या भांडणात आपण बोललेले एक तरी वाक्य लिहावे, जे बोलायला नको होते. हेच ते मुसळ. मग फोन करावा आणि फक्त त्या वाक्याबद्दल क्षमा मागावी. ‘पण तुझेही चुकलेच’ हे शब्द ओठांवर आले की फोन ठेवण्याची वेळ झाली असे समजावे. पलीकडच्याने फोन उचलला नाही किंवा वाईट बोलला तर आपला भाग पूर्ण झाला. साधेल तितके, आपल्याकडून होईल तितके सर्वांबरोबर शांतीने राहा, असे पौलानेही मर्यादा घालूनच म्हटले आहे (रोम १२:१८). मारहाण करणाऱ्या, धमकावणाऱ्या माणसाकडे परत जाण्याची सक्ती या वचनाच्या आधारे कोणी कोणावर करू नये.

विश्वास आणि नवस

आपण ज्या मातीत वाढलो तिच्यात नवसाची भाषा खोल रुजलेली आहे, आणि ख्रिस्ती झाल्याने ती आपोआप जात नाही. बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे घर, मेणाचे मूल, मेणाचा पाय वाहणाऱ्या भाविकाची तळमळ खरी असते, आणि प्रॉटेस्टंट माणसाने त्याला हसू नये, कारण ‘मुलीचे लग्न जमले तर मंडळीला पंखा देईन’ हे वाक्य आमच्याकडेही ऐकू येते. नवसात काम आधी होते आणि देणे नंतर येते. सारफथच्या विधवेचा क्रम याच्या उलट होता.

दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख व अबेद्नगो भट्टीसमोर उभे राहून राजाला सांगतात की आमचा देव आम्हांला सोडवण्यास समर्थ आहे. आणि लगेच पुढे म्हणतात की त्याने न सोडवले तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. प्रार्थनेत ‘तरी’ हा शब्द जाणीवपूर्वक आणावा. ‘प्रभो, हे स्थळ जमू दे, न जमले तरी तू माझा मेंढपाळ आहेस.’ सुरुवातीला हे वाक्य तोंडातून निघत नाही. निघाले नाही तर तसे देवाला प्रामाणिकपणे सांगावे. स्तोत्रांतली कितीतरी स्तोत्रे अशीच तक्रार करणारी आहेत.

विश्वास ठेवला म्हणजे हात बांधून बसावे, असेही नाही. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन याचे आपल्या जवळचे उदाहरण आहे. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली-स्त्रिया केडगावला आल्या, तेव्हा त्यांच्या पोटापाण्यासाठी रमाबाई गुडघे टेकत होत्या, आणि त्याच आवारात शेती, विणकाम, तेलाचा घाणा व छापखानाही चालत होता. त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर तेथल्याच स्त्रियांनी जुळवले व छापले. आजारपणाचेही तेच. मिरजेला मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली दवाखाना उभारला, आणि स्वतः पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता. तेव्हा प्रार्थना केली म्हणून मधुमेहाच्या गोळ्या बंद करा असे सांगणाऱ्याचे ऐकू नये, मग तो व्यासपीठावर कितीही मोठ्याने बोलत असो.

मोठ्या निर्णयासाठी, म्हणजे नोकरी सोडणे, घरासाठी कर्ज काढणे, स्थळ पाहणे अशा वेळी, डोळे मिटून शास्त्र उघडावे आणि बोट पडेल ते वचन देवाची आज्ञा मानावे, ही पद्धत टाळावी. ३१ डिसेंबरच्या रात्री मंडळीत मिळणारी वचनाची चिठ्ठी आशीर्वाद म्हणून जपावी, घराच्या करारनाम्याचा आधार म्हणून नव्हे. त्यापेक्षा निर्णय वहीत एका वाक्यात लिहावा. शास्त्रात त्याबाबत स्पष्ट मनाई आहे का ते पाहावे. ज्याला आपल्याकडून काही मिळवायचे नाही अशा एका वडीलधाऱ्या विश्वासू माणसाला विचारावे. आणि दोन आठवडे रोज तो प्रभूच्या प्रार्थनेतल्या तिसऱ्या वाक्याशी, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ याच्याशी, लावून पाहावा. मुदतीनंतरही स्पष्ट होत नसेल तर हातचे काम नीट करीत राहावे.

चिंतेसाठी निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे देवाने रानात रोज पुरवलेले अन्न, उपयोगी पडतो. इस्राएल लोकांनी रोज माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेले एक माप, गोळा करायचा होता. काहींनी उद्यासाठी राखून ठेवला, तर त्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करण्याची आज्ञाच होती आणि तो नासला नाही, म्हणजे तरतूद करणे हे पाप नाही. विमा उतरवावा, मुलांच्या शिक्षणासाठी साठवावे. नासते ते भीतीपोटी दडवलेले. रात्री चिंता छळू लागली की वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढावी, डावीकडे उद्या आपल्या हातून होण्यासारखे एकच काम लिहावे, आणि जे आपल्या हातात नाही ते सगळे उजवीकडे लिहून त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी. महिन्याअखेरीस जुनी पाने उलटून पाहावीत. उजवीकडच्या किती गोष्टी आपण विसरूनही गेलो, हे पाहून संकोच वाटतो.

रात्री

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना दहा मिनिटांहून लांबवू नये, विशेषतः घरात शाळेतली मुले असतील तर. वसईच्या कॅथलिक घरांत जपमाळेसाठी सगळे एकत्र बसत, आमच्याकडे एक अध्याय व एक गीत असे. पद्धत कोणतीही असो, वाचन मुलांकडून करवून घ्यावे आणि बापाने त्यावर प्रवचन देऊ नये. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नये. ती सवय हिशेबाची आहे, आणि तिने चार दिवसांत माणूस दमून सगळेच सोडतो. चुकलेला दिवस सोडून द्यावा व आजच्या अध्यायापासून आरंभ करावा.

आई झोपण्यापूर्वी उद्याच्या अध्यायावर शास्त्र उघडून ठेवायची आणि त्या पानावर आपला चष्मा ठेवायची. चष्म्याशिवाय तिला घड्याळही दिसत नसे, त्यामुळे सकाळी काहीही पाहण्याआधी तिचा हात त्या पानाकडे जाणे भागच होते. मला चाळिशी लागल्यापासून मीही तसेच करतो.